वरच्या मजल्याचे गज मोकळे सोडा : अणुऊर्जा आयोगाच्या अध्यक्षांना खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, अणुऊर्जा आयोग
तथा सचिव, अणुऊर्जा विभाग
अणुशक्ती भवन, मुंबई

स. न. वि. वि.

आमच्याकडे घराचा स्लॅब पडला की कॉलमचे गज हात-दोन हात वर तसेच मोकळे सोडतात. ते गंजू नयेत म्हणून कोणी सिमेंटचं पाणी फासतो, कोणी त्यांवर पाण्याच्या रिकाम्या बाटल्या उपड्या घालतो. पाहुणा विचारतो, "वर काढणार का?" घरमालक म्हणतो, "बघू, पोरगं नोकरीला लागलं की." पोरगं कधी लागतं, कधी लागत नाही. गज मात्र तयार असतात. मजला चढवायची वेळ आलीच तर खालचं घर पाडावं लागत नाही.

हे पत्र त्या गजांबद्दल आहे. फक्त घर तेवढं वेगळं आहे, ते भारताच्या स्वतःच्या नव्या न्यूट्रॉन स्रोताचं, म्हणजे प्रयोगांना न्यूट्रॉन पुरवणाऱ्या यंत्राचं आहे, आणि ते अजून बांधायचं आहे.

आधी माझी ओळख सांगतो, कारण पत्र लिहिण्याचा अधिकार मला कोणत्याच पदानं दिलेला नाही. मी भौतिकशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक आहे. उभी हयात फेराइटमध्ये गेली. रेडिओच्या अँटेनाची काळी कांडी, मोबाइल चार्जरमधल्या ट्रान्सफॉर्मरचा गाभा, हे सगळं फेराइट, लोखंडाच्या ऑक्साइडपासून केलेला चुंबकी पदार्थ. पश्चिम महाराष्ट्रातल्या कॉलेजांत फेराइटवर काम करणारे आम्ही बरेच जण होतो, कारण भट्टी, ऑक्साइडची पूड आणि चिकाटी एवढ्यावर ते काम सुरू करता येतं. अडायचं ते एकाच जागी. मँगनीज फेराइटमध्ये मँगनीजचा अणू कुठे बसला आणि लोखंडाचा कुठे, हे क्ष-किरणांना धड सांगता येत नाही. मँगनीजमध्ये २५ इलेक्ट्रॉन, लोखंडात २६. क्ष-किरण इलेक्ट्रॉन मोजतात, त्यामुळे त्यांना हे दोघे जुळे भाऊ वाटतात. न्यूट्रॉन इलेक्ट्रॉनांकडे बघत नाही, थेट अणुकेंद्राशी बोलतो. लोखंड आणि मँगनीज त्याला इतके वेगळे दिसतात की एकाचं चिन्ह अधिक तर दुसऱ्याचं उणे. शिवाय न्यूट्रॉन स्वतः एक चिमुकला चुंबक आहे. पदार्थातले चुंबक कुठल्या दिशेला तोंड करून उभे आहेत, हेही तो सांगतो.

म्हणून महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्रभर प्रवास करून, डब्यात पाच-सहा ग्रॅम काळी पूड घेऊन, मी आणि माझे विद्यार्थी तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात यायचो. फोन गेटवर जमा करायचा, पास गळ्यात घालायचा आणि बसमधून ध्रुव अणुभट्टीपाशी उतरायचं. पूड व्हॅनेडियमच्या नळकांडीत भरायची, कारण व्हॅनेडियम न्यूट्रॉनांच्या चित्रात आपली लुडबुड जवळपास करत नाही. मग वाट बघत बसायचं. बी. एस्सी.ला पुस्तकात वाचलेलं प्रतिलोहचुंबकत्व, म्हणजे शेजारशेजारचे अणुचुंबक उलट तोंडं करून उभे राहणं, पहिल्यांदा पडद्यावर एकेका टोकानं उगवताना पाहिलं, तेव्हा माझ्या एका विद्यार्थिनीनं घरी आईला फोन करता येत नाही म्हणून हळहळ व्यक्त केली होती. आईला त्यातलं काय कळलं असतं, हा प्रश्न मी तिला विचारला नाही.

महोदय, आपण ज्या खुर्चीत बसता, तिच्यात लागोपाठ दोन न्यूट्रॉनवाले बसून गेले आहेत. पी. के. अय्यंगार कॅनडात चॉक रिव्हरला बर्ट्रम ब्रॉकहाउस यांच्याबरोबर जर्मेनियमच्या स्फटिकातली कंपनं न्यूट्रॉननं मोजून आले आणि त्यांनी तुर्भ्यात न्यूट्रॉन उपकरणं बांधायची परंपरा सुरू केली. ती इतकी रुजली की साठच्या दशकात आपण फिलिपीन्सच्या शास्त्रज्ञांना न्यूट्रॉन स्पेक्ट्रोमीटर देऊन ते चालवायला शिकवलं. त्यांच्यानंतर आलेले आर. चिदंबरम यांचं सुरुवातीचं नाव झालं ते अमिनो आम्लांमधला हायड्रोजन न्यूट्रॉननं शोधण्याच्या कामामुळे. ब्रॉकहाउस यांना १९९४चं नोबेल क्लिफर्ड शल यांच्यासोबत विभागून मिळालं. शल यांचं काम अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेतलं. मॅग्नेटाइट, म्हणजे आम्हा फेराइटवाल्यांचा मूळपुरुष, त्याच्या चुंबकीय रचनेचा पुरावा त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ साली तिथल्याच अणुभट्टीतल्या न्यूट्रॉनांनी दिला.

त्याच ओक रिजमध्ये गेल्या काही वर्षांत जे घडलं, ते आपल्यापुढे मांडायचं आहे. आपल्या विभागातल्या तज्ज्ञांना ते माझ्याहून चांगलं माहीत आहे. पण ज्यांच्या कराच्या पैशातून हा निर्णय होणार, त्यांनाही ते कळायला हवं, म्हणून पत्र खुलं.

टेनेसी राज्यात ओक रिजला 'स्पॅलेशन न्यूट्रॉन सोर्स' नावाचं यंत्र आहे. अणुभट्टीत युरेनियम फुटतं आणि न्यूट्रॉन मिळतात. इथे युरेनियम नाही. हायड्रोजनचे ऋण आयन एका सरळ बोगद्यातून पळवत नेतात, एका पातळ पापुद्र्यातून जाताना त्यांचे इलेक्ट्रॉन सोलले जातात आणि उरलेले प्रोटॉन एका कड्यात शिरतात. कड्यात सुमारे हजार फेऱ्या होईपर्यंत मागून नवे प्रोटॉन येऊन त्यांच्यात मिसळत राहतात. हे सगळं एका मिलिसेकंदात होतं. मग ती साठलेली गर्दी एका झटक्यात, मायक्रोसेकंदापेक्षाही कमी वेळात, बाहेर काढून वाहत्या पाऱ्यावर आदळतात. एकेक प्रोटॉन पाऱ्याच्या अणुकेंद्रातून वीस-तीस न्यूट्रॉन उडवतो. यालाच स्पॅलेशन म्हणतात. सेकंदाला असे ६० ठोके.

ठोक्यांचा फायदा असा की सगळे न्यूट्रॉन एकाच क्षणी सुटतात. शर्यतीत शिटी कधी वाजली हे ठाऊक असलं की कोण किती वेळात पोचला यावरून त्याचा वेग काढता येतो. अणुभट्टीत शिटीच नसते. न्यूट्रॉन सतत येत असतात, आणि त्यातले एकाच वेगाचे निवडून बाकीचे फेकून द्यावे लागतात. ठोक्यांच्या स्रोतात सगळेच कामाला येतात. म्हणून सरासरी आकडा लहान असूनही अशी यंत्रं पुष्कळ प्रयोगांत मोठ्या अणुभट्ट्यांच्या तोडीस तोड उतरतात.

हे यंत्र २००६ साली सुरू झालं. खर्च १.४ अब्ज डॉलर, आणि बांधणीत सहा राष्ट्रीय प्रयोगशाळा. कोणी आयन स्रोत दिला, कोणी आयनांना वेग देणाऱ्या अतिवाहक पोकळ्या, कोणी कडं. आपल्याकडे दोन खाती एकत्र येऊन एक रस्ता खणायचा म्हटलं तरी काय होतं ते आपण जाणतो, म्हणून हे मुद्दाम लिहिलं. २००९ मध्ये झोताची शक्ती १ मेगावॉटवर पोचली, पुढे १.४ मेगावॉटवर स्थिरावली. आणि मग त्यांनी वरचा मजला चढवला.

मजला चढवला म्हणजे काय केलं? सरळ बोगद्याच्या शेवटच्या टप्प्यात त्यांनी मूळ बांधकामातच जागा रिकामी ठेवली होती. त्या जागेत सात नवे क्रायोमॉड्यूल बसवले. क्रायोमॉड्यूल म्हणजे द्रव हेलियमनं निरपेक्ष शून्यापासून दोनेक अंशांपर्यंत थंड केलेल्या नायोबियमच्या पोकळ्यांचं मोठं थर्मास. प्रत्येकात चार पोकळ्या, एकूण २८. त्या व्हर्जिनियातल्या जेफरसन प्रयोगशाळेत जोडल्या आणि ट्रकनं ओक रिजला आणल्या. त्यामुळे प्रोटॉनांची ऊर्जा १ गिगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टवरून १.३ वर गेली. प्रवाह जवळजवळ दीडपट करायची सोय केली. तीस टक्के ऊर्जेत, पन्नास टक्के प्रवाहात, आणि दोन्हींच्या गुणाकारानं १.४ मेगावॉटचं यंत्र २.८ मेगावॉट देऊ शकेल असं झालं. या कामाचा खर्च सुमारे २७ कोटी डॉलर. मूळ यंत्राच्या पाचव्या हिश्श्याहून कमी पैशात दुप्पट क्षमता. जागा रिकामी नसती तर याच हिशेबात नवा बोगदा, नवं खोदकाम आणि कित्येक वर्षांची टाळेबंदी आली असती.

२००६ ते २०२४. गज अठरा वर्षं उघड्यावर उभे होते आणि गंजले नाहीत.

याहून मला जास्त आवडलेली गोष्ट पुढची आहे. २.८ मेगावॉट सगळेच्या सगळे आत्ताच्या टार्गेटवर, म्हणजे प्रोटॉन ज्यावर आदळतात त्या पाऱ्याच्या भांड्यावर, टाकायचे नाहीत. तिथे २ मेगावॉटच. उरलेलं बळ दुसऱ्या टार्गेटच्या इमारतीसाठी आहे, जी अजून व्हायची आहे. साठांपैकी १५ ठोके तिकडे वळवले की तिथे ७०० किलोवॉट मिळतात. पंधरा वेळा ४७ किलोज्यूल, हिशेब अकरावीचा आहे. त्या इमारतीकडे जाणाऱ्या बोगद्याचं तोंडही त्यांनी याच कामात बांधून ठेवलं, म्हणजे पुढे जोडणी करताना चालू यंत्र फार काळ बंद ठेवायला नको. वरचा मजला चढवतानाच त्याच्याही वरचे गज सोडले.

शक्ती कशासाठी, हा प्रश्न आपले अर्थ खात्याचे सदस्य विचारणारच, आणि विचारावाच. न्यूट्रॉन हे फार कंजूष किरण आहेत. क्ष-किरणांच्या आधुनिक यंत्रांच्या तुलनेत सगळ्यात चांगला न्यूट्रॉन स्रोतही मिणमिणता दिवाच ठरतो. मिणमिणत्या दिव्यात बघायचं तर वस्तू मोठी लागते आणि वेळ भरपूर लागतो. आमची पाच-सहा ग्रॅम पूड त्यामुळेच. पण सगळं ग्रॅमात मिळत नाही. प्रथिनाचा स्फटिक वाढवता वाढवता एखाद्या संशोधकाची तीन वर्षं जातात, आणि हातात येतो तो मोहरीच्या दाण्याहून लहान. उच्च दाबाखालचा नमुना त्याहून लहान. चार्ज होत असलेल्या बॅटरीत लिथियम कुठून कुठे सरकतो हे बघायचं तर तासभर थांबून चालत नाही, तोवर बॅटरी भरून जाते. शक्ती वाढली की दहा तासांचा प्रयोग सातात होतो, एवढाच लाभ कागदावर दिसतो. खरा लाभ काल अशक्य होते ते प्रयोग आज मांडता येतात हा. हायड्रोजन, लिथियम, चुंबकत्व आणि जाड पोलादाच्या आतला ताण या चार गोष्टी बघायला न्यूट्रॉनासारखा साक्षीदार नाही. हायड्रोजन मिशन, विजेच्या गाड्या, रेल्वेचे रूळ आणि अणुभट्टीची वेल्डिंग, हे सगळं आपल्याच सरकारच्या फायलींत आहे.

पण शक्ती हे एकच परिमाण धरून बसणंही चूक. माझ्या अनुभवात चांगला शोधक (न्यूट्रॉन टिपणारा डिटेक्टर), न्यूट्रॉन नमुन्यापर्यंत आणणारा चांगला नळ आणि उपकरणाशी मुक्काम ठोकून बसलेला एक माणूस, यांनी मिळणारी वाढ मेगावॉटच्या आकड्यात दिसत नाही आणि स्वस्तात मिळते.

शक्ती वाढवताना सगळ्यात आधी कोण कुरकुरतं, तेही ओक रिजनं दाखवलं. प्रोटॉनांना वेग देणारं यंत्र, म्हणजे त्वरक नव्हे, टार्गेट. पाऱ्यावर दर ठोक्याला बसणारा धक्का इतका अचानक असतो की पाऱ्यात दाबाची लाट उठते, बुडबुडे होतात आणि पोलादी भांड्याच्या भिंतीवर फुटतात. नदीवरच्या लिफ्टच्या पंपाचा इंपेलर काही वर्षांनी चाळणीसारखा होतो, तोच रोग. आमच्या भागातल्या कोणत्याही पंप दुरुस्तीवाल्याला हे रोगनिदान एका नजरेत करता येईल. ओक रिजची काही टार्गेटं अपेक्षेआधीच गळली, आणि काही काळ झोताची शक्ती मुद्दाम उतरवून यंत्र चालवावं लागलं. जपानमध्ये तोकाईला २०१५ साली पाऱ्याचं टार्गेट दोनदा बिघडलं, तिथेही काही काळ शक्ती उतरवावी लागली. ओक रिजचा उपाय साधा आणि सुंदर आहे. पाऱ्यातच हेलियमचे बारीक बुडबुडे सोडायचे. धक्का बसला की ते दबतात आणि लाट शोषून घेतात, गाडीच्या शॉकअप्‌सारखे. हा उपाय बसल्यावरच शक्ती चढवायची हिंमत झाली. २०२३ मध्ये १.७ मेगावॉट गाठले, मग मोठा शटडाउन घेऊन उरलेली यंत्रणा बसवली.

टार्गेटच्या लहरीचा फटका कसा असतो, ते मी एकदा जवळून पाहिलं आहे. माझ्या एका विद्यार्थ्याला परदेशातल्या एका केंद्रात तीन दिवसांचा बीमटाइम, म्हणजे झोत वापरायची नेमून दिलेली वेळ, मिळाला होता. अर्ज, परीक्षण, व्हिसा, नमुन्याची कस्टममधून सुटका, या सगळ्यात चौदा महिने गेले. पहिल्या रात्री स्रोत बंद पडला. तिसऱ्या दिवशी दुपारी सुरू झाला. तो परत आला तेव्हा आठ तापमानांऐवजी तीन तापमानांची मोजणी त्याच्याकडे होती, आणि प्रबंधात त्यानं आलेखावर तीन ठिपके काढले. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी विचारलं, "तीनच?" तो गप्प राहिला. पुन्हा अर्ज करायचा तर आणखी वर्ष, आणि फेलोशिप संपलेली. चूक कोणाचीच नव्हती. आपला झोत घरी नसला की दुसऱ्याच्या विहिरीवरचं पाणी त्याच्या मोटारीच्या वेळेनं मिळतं.

आणि ती विहीरही आटते आहे. २०१९ या एका वर्षात बर्लिनची आणि पॅरिसजवळच्या साक्लेची न्यूट्रॉन देणारी अणुभट्टी कायमची बंद झाली. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या गेथर्सबर्गच्या अणुभट्टीत इंधनाला इजा झाली आणि ती दोन वर्षं थांबली. तिथले सगळे संशोधक उरलेल्या रांगांत येऊन उभे राहिले, आणि रांगेच्या शेवटी आपण. चीनच्या दोंगग्वानमधलं स्पॅलेशन यंत्र २०१८ साली खुलं झालं, आता ते १०० किलोवॉटच्या मूळ आराखड्यावरून ५०० किलोवॉटकडे नेण्याचं काम सुरू आहे. तिथेही बोगद्यात जागा आधीच राखली होती.

आपल्याकडे काय आहे? तुर्भ्यातल्या अणुभट्ट्या. अप्सरा १९५६ची. सायरस १९६०ची, २०१०च्या अखेरीस बंद झाली. अप्सराचा नवा अवतार २०१८चा, २ मेगावॉटचा. आणि ध्रुव, १०० मेगावॉटची, ऑगस्ट १९८५ मध्ये सुरू झालेली. तिनं चाळिशी ओलांडली. विद्यापीठांसाठी न्यूट्रॉन झोतांचं राष्ट्रीय केंद्र तिच्याच भोवती आहे. तिच्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञता सोडून काही नाही. पण चाळिशीनंतर चष्मा लागतो हे मान्य करण्यात अवमान कसला?

याच तुर्भ्यात 'लेहिपा' आहे, २० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टचा प्रोटॉन त्वरक, आपल्याच लोकांनी बांधलेला. इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रात नायोबियमच्या पोकळ्या तयार होतात. अमेरिकेतल्या फर्मिलॅबच्या ८०० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या नव्या त्वरकासाठी आपली केंद्रं पोकळ्या आणि रेडिओ-लहरींचे अ‍ॅम्प्लिफायर देत आहेत. म्हणजे ओक रिजनं आपल्या वरच्या मजल्यात जे सामान बसवलं, त्याच जातीचं सामान आपण शिकागोजवळच्या दुसऱ्या कुणाच्या घरासाठी घडवतो आहोत. गवंडी आपले, वीटभट्टी आपली, घर मात्र शेजाऱ्याचं. याबद्दल तक्रार नाही. शेजाऱ्याच्या बांधकामावर हात बसतो, हे आमच्या सुतारांनाही ठाऊक आहे. पण हात बसल्यावर तरी स्वतःच्या भिंतीकडे वळायला हवं.

भारतीय स्पॅलेशन स्रोताची कल्पना नवी नाही. इंदूरहून ती वर्षानुवर्षं मांडली जाते आहे. माझ्या समजुतीप्रमाणे ती अडते ती एका गोड गैरसमजात. लेहिपा हा थोरियमच्या, म्हणजे त्वरकानं चालवायच्या अणुभट्टीच्या वाटेवरचा पहिला टप्पा मानला जातो. त्या वाटेच्या टोकालाही १ गिगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टचा त्वरक आहे. मग वाटतं, तो झाला की न्यूट्रॉनवाल्यांचंही काम होईल. एका तिकिटात दोन सिनेमे. तसं होत नाही. थोरियमच्या यंत्राला झोत अखंड हवा, नळाच्या धारेसारखा. आम्हाला झोत ठोक्यांत हवा, आणि त्यासाठी साठवणीचं कडं हवं. कड्यात मागून येणारे प्रोटॉन आधीच्यांत मिसळायचे तर सुरुवात हायड्रोजनच्या ऋण आयनानं करावी लागते. लेहिपाचा स्रोत साध्या प्रोटॉनांचा आहे. हा फरक इमारतीच्या पायरीवरचा नाही, पायातला आहे. आज त्याची तरतूद केली नाही तर पुढे कितीही शक्तीचा त्वरक बांधला तरी आमच्या वाट्याला धार येईल, ठोका येणार नाही.

म्हणून मागणं असं. स्पॅलेशन स्रोताचा निर्णय थोरियमच्या निर्णयाला न बांधता, स्वतंत्र फायलीत घ्यावा. पहिला टप्पा लहान ठेवावा, १०० किलोवॉटचा ठेवला तरी चालेल. ब्रिटनमधलं आयसिस नावाचं स्पॅलेशन यंत्र १९८४ साली सुरू झालं, ते दोनशे किलोवॉटच्या आसपासच्या शक्तीवर चालतं आणि जगातलं उत्तम न्यूट्रॉनशास्त्र तिथून येतं. पण बोगद्याची लांबी पहिल्याच दिवशी पुढच्या चाळीस वर्षांची धरावी. क्रायोमॉड्यूलची रिकामी जागा, वरच्या गॅलरीत त्यांच्या वीजपुरवठ्याची रिकामी जागा, शीतकरणाच्या पाइपांची आंधळी टोकं आणि दुसऱ्या टार्गेटकडे जाणाऱ्या बोगद्याचं बंद तोंड. काँक्रीट ओतताना या सगळ्याला लागतो तो खर्च नंतरच्या तोडफोडीपुढे किरकोळ आहे, हे ओक रिजच्या पावतीवर लिहिलेलं आहे.

दुसरं, टार्गेटवर काम करणारी माणसं आजपासून घडवावीत. त्वरक बांधणारे आपल्याकडे आहेत. वाहत्या जड धातूत दर सेकंदाला पंचवीस-पन्नास वेळा बसणारा धक्का सोसणारं भांडं बांधणारे मोजकेच. टार्गेट पाऱ्याचं असावं की घन टंगस्टनचं, यावर मी मत देणार नाही. कमी शक्तीत टंगस्टन पुरेल आणि पाऱ्याची कटकट नको, असं आतून वाटतं खरं.

तिसरं मागणं लहान आहे आणि त्याला मंत्रिमंडळाची मंजुरी लागेल असं वाटत नाही. लेहिपाच्या २० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये स्पॅलेशन होत नाही, पण त्याचे प्रोटॉन बेरिलियमवर सोडले तर न्यूट्रॉन मिळतात. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठानं १३ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या, आणि जपानमध्ये रिकेन संस्थेनं तर अवघ्या ७ दशलक्षच्या प्रोटॉनांवर असे छोटे स्रोत चालवले. त्यांच्या झोतानं नोबेल मिळणार नाही. पण एम. एस्सी.च्या पोरांना ठोक्याच्या न्यूट्रॉनांवर हात बसवता येईल, शोधक तपासता येतील, पोलादातली भेग बघता येईल. मोठं यंत्र उभं राहील तेव्हा ते चालवायला आणि वापरायला माणसं आयती असतील. १०० किलोवॉटचा झोत आहे आणि समोर नमुना धरायला कोणी नाही, ही वेळ येऊ नये.

यावर "एवढ्या पैशात परदेशात बीमटाइम विकत घेता येईल" असं म्हणणारे सहकारी मला भेटतात. त्यांचा हिशेब चुकीचा नाही. सर्वोत्तम प्रयोगांसाठी आपण ओक रिजला, तोकाईला, ऑक्सफर्डशेजारच्या आयसिसला जावंच. स्वीडनमध्ये लुंडला ५ मेगावॉटच्या आराखड्याचा स्रोत उभा राहतो आहे, तिथेही जावं. पण विकतच्या बीमटाइमवर उपकरण बांधायला शिकता येत नाही. अय्यंगार चॉक रिव्हरहून परतल्यावर दर वर्षी कॅनडाचं तिकीट मागत बसले असते, तर फिलिपीन्सला द्यायला आपल्याकडे काय असतं?

वयाच्या या टप्प्यावर नवा स्रोत पाहण्याची माझी अपेक्षा नाही. आमच्या जुन्या विभागातल्या कपाटात काचेच्या सात बाटल्या अजून आहेत. मँगनीज-झिंक फेराइट, झिंकचं प्रमाण दशांशा-दशांशानं वाढवत नेलेलं, चिठ्ठ्यांवर विद्यार्थ्यांची अक्षरं. पूड खराब होत नाही. माझ्या जागेवर आलेल्या तरुण प्राध्यापिकेला मी त्या टाकू नका म्हणून सांगून ठेवलं आहे.

या पत्राला सविस्तर उत्तर मिळावं असा आग्रह नाही. भारतीय स्पॅलेशन स्रोताचा जो कोणता आराखडा सध्या आपल्या टेबलावर किंवा कपाटात असेल, त्यात सरळ बोगद्याचे किती मीटर रिकामे ठेवले आहेत, तेवढा एक आकडा कळवावा.

कळावे.

आपला,
फेराइटची पूड घेऊन तुर्भ्याला येणारा एक निवृत्त प्राध्यापक